वरळीचे बेडूक आणि टाकळीचीं फळें

वसईच्या किल्ल्यापासून उत्तरेकडे सोपाऱ्याच्या बाजूस जी वाळवट पट्टी पसरली आहे, तिच्यांत गास, निर्मळ, भुईगांव हीं जुनीं गांवें आहेत. ह्या भागांत वाडीसाठीं विहीर किंवा बावखल खणतांना मातीखालच्या वाळूंतून शिंपले निघाले, तर तेथील माणसाला त्याचें फारसें नवल वाटत नाहीं. समुद्र पूर्वीं येथवर होता, एवढें म्हणून तो पुन्हां कुदळ उचलतो. पण एखादा जिज्ञासु विद्यार्थी तो शिंपला धुऊन खिशांत घालतो आणि विचारतो कीं, हें काय आहे, किती जुनें आहे, आणि ह्याला नांव काय? प्रश्न तीन शब्दांचा असला तरी त्याचें उत्तर देण्यास आपल्या प्रांतांत शंभर-सव्वाशें वर्षें लागलीं, आणि तें उत्तर देतांना मोठमोठे पंडितहि अनेकदां चुकले. शोधणारा एक आणि ओळखणारा दुसरा, असा हा दोघांचा व्यवहार आहे. महाराष्ट्रांतील अश्मीभूत अवशेषांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं ह्या दोघांमधील पत्रव्यवहाराचा इतिहास होय.

प्रथम किनाऱ्यावरच्या मनुष्याला फसविणाऱ्या वस्तूंविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोंकणचा खडक म्हणजे लाव्हारसाचा काळा पाषाण. उकळत्या रसांत प्राण्याचा किंवा वनस्पतीचा मागमूस सहसा राहत नाहीं. म्हणून ह्या पाषाणांत "सांपडलेलें" पान अगर पोंवळें पुष्कळदां पान किंवा पोंवळें नसतेंच. दगड फुटल्यावर त्याच्या चिरेंत नेच्याच्या पानासारखी काळी नाजूक नक्षी दिसते. ती मँगॅनीजयुक्त पाणी चिरेंत झिरपून उमटलेली असते. तिला देंठ नाहीं, मध्यशीर नाहीं, आणि शिरा एकमेकींना मिळण्याची जी वनस्पतीची नियमबद्ध तऱ्हा, तीहि नाहीं. तसेंच दगडाच्या पोकळींतले पांढरे, सुयांचे झुबके पाहून पोंवळ्याचा भास होतो. ते झिओलाइट नांवाचे स्फटिक असतात. हौशी संग्राहकाच्या पेटींत निम्मा माल ह्या दोन जातींचा असतो असें म्हटलें तर तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

बावखलांतला शिंपला मात्र खरा शिंपला असतो. परंतु त्याचें वय आपण समजतों तितकें नसतें. आजच्या पुळणीवर जे शंख-शिंपले मिळतात त्यांच्याशीं तो जुळतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. जुळत असेल तर तो भूशास्त्राच्या दृष्टीनें कालपरवांचा समजावा, म्हणजे कांहीं हजार वर्षांचा. किनारा किती थोडक्या काळांत वरखालीं होतो ह्याचें ठळक उदाहरण मुंबईंतच मिळालें. १८७८ सालीं प्रिन्सेस डॉक नांवाची गोदी खोदतांना समुद्राच्या पातळीखालीं, चिखलांत गाडलेलें एक अरण्य निघालें. एकंदर ३८२ झाडें मोजलीं गेलीं, आणि त्यांपैकीं २२३ आपल्या मुळांवर जशींच्या तशीं उभीं होतीं. हीं झाडें खैराचीं, म्हणजे आज आपल्या रानांत वाढणाऱ्याच जातीचीं होतीं. ओळख पटली आणि गूढहि संपलें: तें रान प्राचीन युगांतलें नव्हे, तेथील जमीनच खालीं गेली होती. लांकूड ओळखतां आलें नसतें, तर त्यावर किती तर्क लढले असते ह्याची कल्पनाच केलेली बरी!

आतां खऱ्या प्राचीन वस्तूकडे वळूं. दक्षिणेंतला लाव्हारस एकदम वाहून आला नाहीं. तो थरांमागून थर असा आला, आणि दोन थरांच्या मधल्या विसाव्यांत जमिनीवर तळीं सांचलीं, रानें वाढलीं, प्राणी जन्मले व मेले. पुढच्या रसाच्या लोटाखालीं तें सारें गाडलें गेलें. ह्या मधल्या गाळाचे पातळ थर हेंच आपल्या प्रांतांतलें जीवाश्मांचें भांडार. मुंबईच्या वरळी टेकडीलगत असाच एक थर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत त्यांतल्या काळसर चिपांवर लहान लहान सांगाडे दिसून आले. रेल्वेच्या कामासाठीं आलेला जॉर्ज टॉमस क्लार्क नांवाचा इंजिनियर (हाच पुढें इंग्लंड-वेल्समधील जुन्या किल्ल्यांचा इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आला) ह्यानें मुंबईच्या परिसरांतील खडकांविषयीं लंडनच्या भूशास्त्र मंडळाकडे निबंध पाठविला. आणि १८४७ त त्याला जोडून रिचर्ड ओवेन ह्या शारीरशास्त्रज्ञानें ह्या सांगाड्यांचें वर्णन छापलें. ते बेडूक होते.

बेडूक ओळखणें त्या मानानें सोपें आहे. त्याच्या हातांतलीं व पायांतलीं जोडहाडें एकजीव झालेलीं असतात, कमरेचीं हाडें लांब काठ्यांसारखीं असतात, आणि पाठीच्या कण्याच्या शेवटीं शेपटीच्या जागीं एकच सरळ हाड असतें. असा सांगाडा दुसऱ्या प्राण्याचा नाहीं. अडचण पुढें आहे: बेडूक खरा, पण कोणता? ओवेननें त्याला नेहमींच्या बेडकांच्या वंशांत घालून 'राना पुसिला', म्हणजे चिमुकला बेडूक, असें नांव दिलें. १८६९ त स्टोलिच्कानें त्याला उचलून दुसऱ्या वंशांत बसविलें. १९३० त न्यूयॉर्कच्या संग्रहालयांतील नोबल ह्यानें पुन्हां पाहणी करून सांगितलें कीं, हा आजच्या कोणत्याच वंशांत बसत नाहीं. त्यानें 'इंडोबॅट्रेकस' असा स्वतंत्र वंश काढला आणि त्याचे सोयरे ऑस्ट्रेलियांतल्या बेडकांत शोधले. हें सोयरपण पुढें वादग्रस्त ठरलें, पण वंशाचें नांव टिकलें. १९४० मध्यें गो. वा. चिपळूणकर ह्यांनीं त्याच वरळीच्या टेकडींतून आणखी एक जाति प्रसिद्ध केली, आणि तीहि मुंबईच्याच नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत. ओवेनच्या निबंधानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं वरळीचा बेडूक ओळखण्यासाठीं लंडनला पाठविण्याची गरज उरली नव्हती, ही गोष्ट मला नोबलच्या सोयरिकीपेक्षां अधिक महत्त्वाची वाटते.

ह्याच थरांत एक कासव निघालें. तें संग्रहीं करणारे डॉ. लीथ हे मुंबईचे सरकारी वैद्य. शहराच्या आरोग्यस्थितीवर १८६४ सालीं त्यांनीं लिहिलेला अहवाल प्रसिद्ध आहे. कासवाचें वर्णन केलें तें दुसऱ्या वैद्यानें, हेन्री जॉन कार्टर ह्यानें. कार्टर हा हौशी मंडळींत अपवाद म्हटला पाहिजे. पगार फौजेचा घेणारा, पण मन सूक्ष्मदर्शकाला लागलेलें. 'मुंबई बेटाचें भूशास्त्र' हा त्याचा निबंध १८५२ त रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत आला, आणि १८५७ त पश्चिम हिंदुस्थानच्या भूशास्त्रावरील निबंधांचा एक जाड संग्रह त्यानें मुंबईंतच संपादून छापविला. वरळीच्या चिपांवर तिळाएवढीं कवचें होतीं. तीं सिप्रिस ह्या जलकीटकाचीं, हें त्यानें दाखविलें. बेडूक, गोड्या पाण्यांतलें कासव आणि सिप्रिस, अशी त्रयी जमल्यावर निष्कर्ष आपोआप निघाला. ज्या वरळीवर आज भरतीच्या लाटा आदळतात, तेथें त्या काळीं गोड्या पाण्याची दलदल होती. बेडूक खाऱ्या पाण्यांत तग धरीत नाहीं. त्याचा सांगाडा म्हणजे त्या दलदलीच्या पाण्याचा दाखलाच.

कार्टरनें कासवाला लीथचें नांव जोडलें. १८७१ त ग्रेनें तें दक्षिण अमेरिकेंतल्या 'हायड्रास्पिस' वंशांत नेलें, आणि १९५३ त विल्यम्सनें त्याला 'कार्टेरेमिस' असें वंशनाम दिलें. म्हणजे आतां पुढच्या नांवांत ओळखणारा आणि मागच्या नांवांत शोधणारा, असे दोन्ही डॉक्टर एकाच कासवाच्या पाठीवर बसले आहेत. ह्या कासवाचा गट मान आंत न ओढतां बाजूला वळविणारा. तो आज आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया ह्या खंडांत आहे, हिंदुस्थानांत नाहीं. हे सारे भूखंड एके काळीं जोडलेले होते, ही गोष्ट कार्टरला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यानें कवचाच्या सांध्यांचें वर्णन जसें दिसलें तसें केलें. त्यांतला अर्थ मागून आलेल्यांनीं वाचला.

आतां नागपूरकडे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ त तेथें आला, आणि दोन वर्षांनीं रॉबर्ट हंटर त्याला येऊन मिळाला. दोघांपैकीं कोणाचाहि व्यवसाय भूशास्त्राचा नव्हता. १८५१ सालीं नागपूरजवळच्या टाकळी येथें लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळांत त्यांना गोड्या पाण्यांतले शंख, आणि त्यांच्याबरोबर फळें, बिया, लांकडें, कीटकांचे अंश मिळाले. त्यांतला 'फायसा प्रिन्सेपी' हा शंख त्यापूर्वींच माल्कमसन नांवाच्या वैद्याच्या संग्रहावरून १८४० त वर्णिला गेला होता. म्हणून ह्या दोघांना आपण काय पाहतों आहों ह्याचा अंदाज लागला. हौशी मनुष्याला पहिली ओळख अशीच होते: कोणीतरी आधीं काढलेलें एक चित्र जवळ असतें, आणि हातांतला दगड त्याच्याशीं जुळतो.

ह्यानंतर हिस्लॉपनें जें केलें तें शिकण्यासारखें आहे. त्यानें सगळा माल एकाच पंडिताच्या दारीं ओतला नाहीं. मांगली येथें मिळालेली एका प्राचीन उभयचराची चपटी कवटी ओवेनकडे गेली आणि १८५५ त तिला 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' हें नांव मिळालें. कीटक अँड्र्यू मरेकडे, जलकीटकांचीं कवचें रुपर्ट जोन्सकडे, आणि कामठीच्या बाजूच्या वाळूच्या खडकांतलीं पानें चार्ल्स बनबरीकडे पोंचलीं. शंखांचें वर्णन मात्र हिस्लॉपनें स्वतः केलें आणि १८६० त छापलें. दिवसा शाळा, प्रवचनें आणि गोंडांच्या भाषांचा अभ्यास करणाऱ्या मनुष्यानें शंखांच्या वळ्यांचीं मापें घेऊन नव्या जाति बसवाव्यात, ह्यांत हौस आणि शास्त्र ह्यांच्यामधली भिंत किती पातळ आहे हें दिसून येतें.

बनबरीचें काम अधिक निसरड्या भूमीवर होतें. कामठीच्या पानांत जिभेच्या आकाराचीं, मध्यशिरा ठळक व बाजूच्या शिरांचें जाळें असलेलीं पुष्कळ पानें होतीं. तें 'ग्लोसॉप्टेरिस'. हें नांव ब्रॉन्यार नांवाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२८ सालींच हिंदुस्थान व ऑस्ट्रेलिया येथील पानांना दिलें होतें. बनबरीनें १८६१ त नागपूरच्या पानांचा निबंध लिहिला. सर्वांप्रमाणें तोहि ग्लोसॉप्टेरिसला नेचाच समजे; कारण पान नेच्यासारखें आणि फूल-फळ त्याच्याजवळ कोणी पाहिलेलें नव्हतें. तें बी धरणारें झाड होतें हें पुढें ठरलें. एकट्या पानावरून वनस्पति ओळखणें म्हणजे एका चपलेवरून तिच्या मालकाचें कुलगोत्र सांगणें; कधीं साधतें, बहुधा साधत नाहीं. प्राण्यांचें एक हाड बोलतें, वनस्पतीचें एक पान तसें बोलत नाहीं. झाड मेल्यावर त्याचें पान एकीकडे, फळ दुसरीकडे, खोड तिसरीकडे जातें, आणि शास्त्रज्ञ प्रत्येकाला वेगळें नांव देऊन बसतात. मग कधीं काळीं एखाद्या दगडांत फूल आणि फळ ह्यांचें नातें सांपडतें, आणि दोन नांवांचें एक झाड होतें.

असेंच मध्यप्रांतांतल्या छिंदवाडा जिल्ह्यांत मोहगांव कलां येथें झालें. तेथील गारगोटीसारख्या कठीण दगडांत वनस्पतींच्या पेशी जशाच्या तशा राहिल्या आहेत. कारण गारेचें पाणी त्यांत शिरून त्यांचीच घडी दगडाची झाली. अशा दगडाचा कागदाहून पातळ पापुद्रा घांसून काढला कीं सूक्ष्मदर्शकाखालीं ताज्या देंठाचा काप पाहावा तसें दिसतें. बिरबल सहानी आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९३० नंतर ह्या ठिकाणच्या दगडांचें वाचन सुरू केलें. के. पी. रोडे ह्यांनीं १९३३ त येथील फळांवर टिपण लिहिलें. पुढें एका पाणनेच्याच्या बीजकोशाला सहानींनीं त्यांच्या नांवावरून 'रोडाइटिस दक्षिणी' असें नांव दिलें. १९४३ सालीं सहानींनीं दुसऱ्या एका फळाला जें नांव दिलें त्यांत अडचणीची कबुली स्वच्छ आहे: 'एनिग्मोकार्पॉन', म्हणजे कूटफळ. आणि १९४४ त नागपूरचे व्ही. बी. शुक्ल ह्यांनीं त्याच ठिकाणचें एक अश्मीभूत फूल वर्णून त्याचा ह्या कूटफळाशीं संबंध दाखविला. फूल नागपुरास ओळखलें गेलें, फळ लखनौस.

ह्या सर्व नांवांमागें एक मोठा वाद उभा होता. दक्षिणेचा लाव्हारस केव्हां वाहिला? हिस्लॉप म्हणे, तृतीय युगाच्या प्रारंभीं. भूस्तर खात्यांतल्या ब्लॅन्फर्डचें मत, त्याच्याहि आधीं, खडूच्या युगांत. सहानींनीं १९३४ त वनस्पतींच्या साक्षीवरून हिस्लॉपच्या बाजूस वजन टाकलें, कारण त्या दगडांत ताडांच्या जाति विपुल, आणि खाडीच्या चिखलांत वाढणारी निपा तिच्या फळासह हजर. आज किरणोत्सर्गाच्या मापनानें हें वय सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षें ठरलें आहे, म्हणजे बरोबर दोन युगांच्या उंबरठ्यावर. तेव्हां दोन्ही पक्षांना थोडेथोडे खरें सांपडलें होतें. मला गंमत वाटते ती निपाची. समुद्रापासून शेंकडों कोस दूर, सातपुड्याच्या कुशींत, खाडीकाठचें झाड कसें? ह्या प्रश्नाला बळ मिळालें तें २००९ सालीं. त्याच जिल्ह्यांत झिलमिली येथें लाव्ह्यामधल्या गाळांत समुद्राच्या पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचीं कवचें मिळाल्याचें प्रसिद्ध झालें. एका फळानें दाखविलेली दिशा डोळ्यांना न दिसणाऱ्या कवचांनीं पक्की केली. समुद्रकाठच्या वरळीला गोड्या पाण्याचे बेडूक, आणि डोंगराळ छिंदवाड्याला समुद्राचे जीव, असा हा उलटा संसार आहे!

खऱ्याखुऱ्या सागरी अवशेषांचें आपल्या बाजूचें जुनें ठिकाण म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यांतलें बाघ, लेण्यांमुळें सर्वांस ठाऊक असलेलें आणि पूर्वीं शिंद्यांच्या राज्यांत असलेलें. निमाडांत नेमलेल्या कॅप्टन कीटिंगनें तेथील दगड जमविले, आणि पुनः आपला कार्टर मध्यस्थ झाला. त्याच्याजवळ अरबस्तानच्या किनाऱ्यावरून स्वतः आणलेला संग्रहहि होता. 'पॅलिन्यूरस' जहाजावर तो वैद्य म्हणून फिरला होता. १८६५ त मार्टिन डंकन ह्यानें अरबस्तान व बाघ ह्या दोन्ही ठिकाणच्या सागरी कंटकचर्मींचें एकत्र वर्णन केलें, आणि बाघचा चुनखडक खडूच्या युगांतला, हें निश्चित होऊं लागलें. ह्याच चुनखडकाच्या एका थराला जुन्या मंडळींनीं 'कोरलाइन' म्हटलें आहे. त्यांतले नक्षीदार तुकडे पोंवळ्याचे नसून ब्रायोझोआ ह्या निराळ्याच वसाहती प्राण्यांचे आहेत. नांव मात्र बदललें नाहीं. चुकीच्या नांवाला एकदां वहिवाट मिळाली कीं तें दगडाहूनहि टिकाऊ होतें. बाघच्या कंटकचर्मींवर पुढें चिपळूणकरांनींच काम केलें.

सागरी जीवाश्म आपल्याला इतका अपरिचित आहे असें मात्र समजूं नये. ज्या घरांत शाळिग्रामाची पूजा होते, त्या घराच्या देव्हाऱ्यांत अमोनाइट नांवाचा एक नामशेष सागरी प्राणी पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. गंडकीच्या खोऱ्यांतला तो काळा गोटा फोडल्यावर जें चक्र दिसतें तें त्याच्या शंखाच्या कप्प्यांचें. पूजकांनीं चक्रांची संख्या व ठेवण पाहून शाळिग्रामाचे प्रकार पाडले. शास्त्रज्ञहि कप्प्यांच्या शिवणी पाहूनच जाति पाडतात. हेतु वेगळे, पण पाहण्याची शिस्त अगदीं परकी नाहीं.

दगडाइतकीच महत्त्वाची त्याच्यासोबतची चिठ्ठी. कोणत्या गांवीं, कोणत्या थरांत, जमिनीपासून किती खोल, हें लिहिलेलें नसेल तर उत्तमांतला उत्तम नमुना मुका होतो. हिस्लॉपच्या पानांवर ठिकाणांचीं नांवें होतीं म्हणून बनबरीला, नागपूर न पाहतां, लिहितां आलें. उलटपक्षीं ह्या सर्व निबंधांत दगड फोडणाऱ्यांचीं नांवें बहुधा नाहींत. वरळीच्या खोदकामांत ज्या गड्याच्या पहारीखालीं पहिला बेडूक उघडा पडला, त्याच्यावरून कोणत्याहि जातीला नांव मिळालें नाहीं. टाकळी आज नागपूर शहरांत सामावली आहे, आणि वरळीची टेकडी इमारतींखालीं. त्या थरांतून पुन्हां नमुना काढावयाचा तर कोणाच्या तरी पायाचें खोदकाम निघण्याची वाट पाहावी लागते.

हिस्लॉप १८६३ च्या ४ सप्टेंबरला वारला. टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळांचें उत्खनन पाहून तो घोड्यावरून परत येत होता, आणि वाटेंतल्या ओढ्याला पूर आला होता. त्याचे कागद सर रिचर्ड टेम्पलनें १८६६ त प्रसिद्ध केले. त्यांत गोंडांविषयींची माहिती आहे. त्याचे जीवाश्म लंडनला राहिले. कार्टरनें मात्र त्याच्या हयातींतच, १८५८ त, एका जिवंत प्राण्याला त्याचें नांव देऊन ठेवलें होतें. 'हिस्लोपिया लॅकस्ट्रिस' हा गोड्या पाण्यांतला ब्रायोझोआ आहे, बाघच्या चुनखडकांतल्या जीवांचा दूरचा भाऊबंद. आणि तळ्यांतल्या शंखांच्या पाठीवर त्याचा पातळ थर अजूनहि चढलेला आढळतो.